थोरलीची नवमी

आमच्या ह्यांचं म्हणणं आहे, की मी देवळात गेले तर देवाकडूनही पावती मागेन. असेल. कर्जतच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला गणित आणि संख्याशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना एकच गोष्ट सांगितली: आकडा समोर आला की आधी विचारा, तो कुणी आणला आणि कुठून आणला. निवृत्त झाल्यावर मुलं गेली, सवय राहिली. दूधवाला, गॅसवाला, गॉगल लावून दारात येणारा आणि "काकू, जागा द्यायची आहे का" असं गोड आवाजात विचारणारा एजंट, सगळ्यांकडे मी एकाच नजरेने बघते. आमच्या भागात ही सवय काही वाईट नाही. सही एकीकडे केली आणि शेत दुसरीकडे गेलं, अशा गोष्टी कर्जत-खालापुरात कुठल्याही गावात ऐकायला मिळतात.

त्यामुळे श्रावणात साजगावला बायकांच्या छातीची मोफत तपासणी करणारी गाडी आली, तेव्हा आजूबाजूच्या गावांत पहिली अफवा उठली ती हीच, की ही जागावाल्यांची माणसं आहेत. तपासणीचं निमित्त, खरं काम अंगठ्याचं. माझी विहीण, म्हणजे सुनेची आई, कुंभिवलीला राहते. अगदी हायवेला लागून घर, मागे भाताची खाचरं, पुढे व्याह्यांचे दोन टेंपो उभे. तिचा फोन आला. गावातल्या बायका जायचं म्हणतायत पण घाबरतायत, तुम्ही वाचल्याशिवाय सही करत नाही, तर तुम्हीच पुढे चला, असं तिचं म्हणणं. माझ्या संशयी स्वभावाची अशी जाहीर कदर पहिल्यांदाच होत होती. मी निघाले.

विहिणीचं आणि माझं तसं बरं होतं, पण विहिणी-विहिणींचं जेवढं बरं असावं तेवढंच. मुलाने स्वतः जमवलेलं लग्न. साखरपुड्याच्या आधी मी सरळ विचारलं होतं, घराण्यात काही आजारपण? लोक पत्रिका बघतात, मी रक्तदाब-साखर विचारते. तेव्हा व्याही म्हणाले होते, आमच्याकडे सगळी शेतातली माणसं, आजारी पडायला वेळ नाही. मी मान डोलावली होती, पण विश्वास पूर्ण ठेवला नव्हता.

नात झाली तेव्हा आमचं एकदा बिनसलंही होतं. नातीला पहिला दात दिसला त्याच आठवड्यात विहीण बोंडाला लावायला वाटीभर वाटलेला कडुनिंबाचा पाला घेऊन कर्जतला हजर झाली. मुलीला म्हणाली, आता पोरीला अंगावरून तोड. माझ्या सुनेला अजून दूध होतं, पोर मजेत पीत होती. मी म्हटलं, घाई कसली? तर विहीण म्हणाली, आमच्याकडे दात दिसला की बंद. आवाजात असा ठामपणा, की पुढे बोलायची सोय नाही. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मुलीने लवकर नोकरीवर जावं म्हणून हा खटाटोप, असं मी ठरवून टाकलं. सुनेने आईचं ऐकलं. पुढे बरेच दिवस मी विहिणीशी कामापुरतंच बोलत होते.

तर साजगाव. शाळेच्या मैदानात गाडी उभी होती, शेजारी मांडव, आत एक तरुण डॉक्टरीण आणि तिच्यापुढे लॅपटॉप. मी सहीचा कागद दोनदा वाचला. जागेबिगेचं काही नव्हतं. मग मी लॅपटॉपकडे वळले. डॉक्टरीण समजावून सांगायला लागली, की गाडीतल्या यंत्रावर छातीचा फोटो निघतो, आपण बाईला काही प्रश्न विचारतो आणि फोटो आणि उत्तरं मिळून कॉम्प्युटरला देतो. त्याला आधी हजारो बायकांचे फोटो दाखवून शिकवलंय, पुढे कुणाला आजार निघाला आणि कुणाला नाही तेही सांगितलंय. त्यावरून तो अंदाज करतो, हिला धोका कमी, मध्यम की जास्त. गाठ हाताला लागायच्या आधी कळावी एवढाच हेतू.

"त्या हजारो बायका कुठल्या?" मी विचारलं.

ती म्हणाली, बऱ्याचशा मोठ्या शहरांतल्या इस्पितळांतल्या, काही परदेशातल्या. इकडच्या फार थोड्या.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या बायका तुमच्या सरावाच्या पाट्या. ती रागावली नाही. बरोबर आहे, म्हणून तर इथे यायला लागलो, म्हणाली. पकडलं गेल्यावर जो माणूस शांतपणे कबूल करतो त्याच्यावर माझा जास्तच संशय असतो. पण बायका माझ्या तोंडाकडे बघत रांगेत उभ्या होत्या. मी सही केली, तशा बाकीच्यांनीही केल्या.

विहिणीने मला पडद्यापाशी उभं केलं होतं, त्यामुळे तिची प्रश्नोत्तरं मी ऐकली. वय, पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, पहिलं मूल कितव्या वर्षी. मुलं किती, तर चार. किती महिने पाजलं?

"दात येईपर्यंत," विहीण म्हणाली. "दात दिसला का बंद."

डॉक्टरीण हसली. महिन्यांत सांगा म्हणाली. विहिणीने बोटं मोजून काहीतरी सांगितलं. मलाही हसू आलं, म्हटलं, ही बाई चारही पोरांच्या बाबतीत एकाच नियमाने वागलेली दिसते.

मग घरच्यांचं. तुमच्या आईला कधी स्तनाचा कॅन्सर झाला होता?

"नाय वं. आई माझी खडखडीत हाय. अजून सकाळचा गोठा तीच करते."

बहिणीला? नाही. मावशीला?

"मावशी नाय मला."

उत्तरं चढवून झाली. थोड्या वेळाने निकाल आला. विहिणीला धोका कमी, दोन वर्षांनी या. मला मध्यम. एकुलता एक मुलगा, तोही उशिरा झालेला, आणि आणखी काय काय. खोटं कशाला बोलू, मला ते झोंबलं. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले आणि इथे विहीण माझ्यापुढे पास होऊन गेली. माझी पुढची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. पण एक गोष्ट मनात अडकून राहिली. विहिणीचा फोटो पडद्यावर होता तेव्हा डॉक्टरीण जरा जास्त वेळ बघत राहिली होती. मी कारण विचारलं. ती म्हणाली, आतला भाग जरा दाट आहे, दाट भागात नीट दिसत नाही. पण बाकीची सगळी उत्तरं चांगली आहेत, म्हणून कमी आलंय.

"म्हणजे डोळ्यांना दिसत नाही तिथे तुमचा कॉम्प्युटर तोंडच्या उत्तरांवर चालतो?"

ती म्हणाली, दोन्हींवर.

घरी येताना मी त्याचाच विचार करत होते. ज्या मुलाची सगळी उत्तरं बरोबर यायची त्याचा पेपर मी पुन्हा तपासायची. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायचं. इथेही वाटत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं आणि यंत्रावर संशय घेण्यापलीकडे माझी मजल गेली नाही.

पुढे गणपती आले आणि गेले. पितृपक्ष लागला आणि विहिणीचा पुन्हा फोन. तिच्या माहेरी, भिवपुरीकडच्या एका गावात, नवमीला सवाष्ण जेवायला घालतात. नेहमीची सवाष्ण यंदा सुतकात होती. तर तुम्ही याल का?

अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध. तिच्या नावाने एखादी नवरा असलेली बाई बोलवायची, तिला जेवू घालायचं, ओटी भरायची. त्या दिवशी ती बाई म्हणजे गेलेलीच. मी फोन ठेवला आणि संशय घ्यायला बसले. एवढ्या गावात सवाष्ण मिळत नाही, म्हणून कर्जतहून विहीणबाई? काहीतरी काम असणार. ह्यांनी पेपरातून मान वर केली. मी जिवंत असल्याचा तुला पहिल्यांदाच काही फायदा होतोय, तर जाऊन जेवून ये, म्हणाले.

गेले. भातं निसवायला आली होती, बांधावर गवत कमरेएवढं. घराच्या ओटीवर विहिणीचे वडील बसले होते, ऐंशीकडे झुकलेले, कानाने पार गेलेले. आत तिची आई चुलीपुढे. मी त्यांना लग्नात पाहिलं होतं, तेव्हाही वाटलं होतं की मुलीच्या मानाने ही आई फारच तरुण आहे. आजींनी मला पाटावर बसवलं, माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्यापेक्षा मोठी बाई. मी पाय मागे घेतले, तर त्यांनी घोटा धरून ठेवला.

"आज तुमी माझी बहीण हाव," त्या म्हणाल्या. "थोरली."

मग पान वाढलं. तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, भोपळ्याचे घारगे. घारगे तिला फार आवडायचे म्हणून दर वर्षी. मी जेवता जेवता विचारत गेले, आणि विहीणही सहज सांगत गेली, त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. तिच्या वडलांची ही पहिली बायको. विहीण अंगावर पीत असतानाच ती गेली. घरात तान्ही पोर, म्हणून तिच्याच धाकट्या बहिणीला त्याच घरात दिली. ती धाकटी म्हणजे ह्या आजी. विहिणीला कळायला लागलं तेव्हापासून आई म्हणजे ह्याच. गेलेली ती थोरली, वर्षातून एकदा पान वाढायची.

माझा घास तसाच राहिला. मांडवातलं ते उत्तर मला ऐकू आलं. आई माझी खडखडीत हाय. मावशी नाय मला. यंत्राने दोन गोष्टी विचारल्या होत्या आणि दोन्हींची उत्तरं उलटी गेली होती. जी आई म्हणून सांगितली ती मावशी होती, आणि जी आई होती तिच्याबद्दल कुणी विचारलंच नाही, कारण ह्या घरात तिला आई म्हणत नव्हते.

विहीण कावळ्याचं पान घेऊन मागच्या बाजूला गेली. हल्ली कावळे लवकर येत नाहीत. ती लांबून त्यांना बोलावत असल्याचं ऐकू येत होतं. मी आजींना विचारलं, "थोरल्या कशाने गेल्या?"

त्यांनी माझ्या पानात आणखी एक घारगा वाढला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, तापाने. आम्ही तापाने असंच सांगतो. असंच सांगतो, हे शब्द ऐकून माझ्यातली मास्तरीण उठून बसली. मी जेवणारा हात थांबवला आणि त्यांच्याकडे बघत राहिले. वर्गात ही युक्ती नेहमी चालायची. इथेही चालली.

"थान धरलं व्हतं तिचं," आजी म्हणाल्या. "दगडावाणी. साल जाड झाली, बोंड आत गेलं. समद्यांनी सांगितलं, दूध साकळलंय, पू झालाय. आमी पाला वाटून बांधला, जवसाचं पोटीस केलं, सुईणीला दाखवलं. पू काय आला नाय. कदीच आला नाय."

साजगावच्या मांडवात एक तक्ता टांगलेला होता. त्यात हीच चित्रं होती. जाड झालेली त्वचा, आत गेलेलं बोंड. मी तो तक्ता बारकाईने वाचला होता, कारण तिथे उभं राहून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे तो कॅन्सर होता, हे माझ्या लक्षात आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ संताप आला. लपवलं. साखरपुड्याला तोंडाने विचारलं होतं मी. शेतातली माणसं, आजारी पडायला वेळ नाही म्हणे. माझ्या घरात ह्यांची मुलगी आहे, तिची मुलगी आहे. ह्या लोकांनी सगळं माहीत असून मुली उजवून टाकल्या.

मी तसं बोललेही. शब्द जरा मऊ वापरले, पण अर्थ तोच. लग्नाच्या वेळी सांगायला हवं होतं तुम्ही, ताप कशाला सांगितलात?

आजींना माझा राग कळला नाही, लग्नाशी ह्याचा काय संबंध हेही कळलं नाही. त्यांच्या मनात भलतंच होतं. मागच्या दाराकडे बघून त्या आणखी हळू बोलल्या.

"पोरीचा दात लागला असं गाव म्हणायचं. हिला नुकताच दात आला व्हता, आनि चावायची. तवापासून थान धरलं म्हनत. सासू तर हिला बघवून घेत नव्हती, आईला खाल्लं म्हनायची. मी ह्या घरात आले तवा समद्यांना ताकीद दिली. हिच्यापुढं कोनी थानाचं नाव काढायचं नाय. ताप आला नि गेली. हिला कळलं असतं तर जगली असती का ती?"

घारग्याचा तुकडा माझ्या हातातच होता. सोळा-सतरा वर्षांची असेल तेव्हा ही बाई. बहीण गेलेली, बहिणीच्या नवऱ्याच्या घरात आणून बसवलेली, आणि आल्या आल्या सासूला ताकीद देते. मी लग्न आणि फसवणूक धरून बसले होते. आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या डोळ्यात काहीतरी आलंय ते मला दिसतंय. काय सांगायचं ते पोरीला सांगा, पण दाताचं सांगू नका.

मी कबूल केलं. बाहेरून विहिणीचा आवाज आला, शिवला एकदाचा.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच होतो, पुढे रिक्षावाला मोठ्याने गाणी लावून बसलेला. मांडीवर ओटीचा नारळ. मी विहिणीला सांगितलं, तुमच्या आईंच्या बोलण्यावरून मला वाटतं, की थोरल्या तापाने गेल्या नाहीत. जो आजार तपासायला साजगावला गाडी आली होती, तोच त्यांना असावा. त्या डॉक्टरणीला पुन्हा भेटायला हवं, कारण तुम्ही दिलेल्या उत्तरावर तो निकाल आलाय.

"मी खोटं नाय सांगितलं," विहीण म्हणाली. "आई माझी तीच हाय."

मी म्हटलं, तुमची आई तीच. पण तुम्हाला कुणी वाढवलं ते त्या यंत्राला नको असतं, कुणाच्या पोटी जन्म झाला ते हवं असतं. तिने विचारलं, आई अजून काय बोलली? मी म्हटलं, एवढंच. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. दुसऱ्याकडे असं बघायचं काम आजवर माझं होतं. आपल्यावर कुणी संशय घेतला की कसं वाटतं ते मला त्या रिक्षात कळलं आणि ते मुळीच चांगलं वाटलं नाही.

डॉक्टरणीचं इस्पितळ पनवेलच्या बाजूला होतं. विहीण यायला तयार होईना. भातकापणी होऊ दे, दिवाळी होऊ दे. शेवटी मी सुनेला मध्ये घातलं आणि आम्ही गेलो. डॉक्टरणीने ऐकून घेतलं, थोरली कितव्या वर्षी गेली ते विचारलं. पंचवीसही नसेल, विहीण म्हणाली. डॉक्टरणीने आमच्यासमोरच आधीची माहिती उघडली आणि आईपुढचं उत्तर बदललं. बाकी काही नाही. तोच फोटो, तीच छाती, तेच वय. पडद्यावरचा धोका कमी होता तो जास्त झाला.

मला हे पटेना. मी तिथल्या तिथे भांडले. एका शब्दाने ज्याचं मत फिरतं त्याच्यावर माणसाने जीव कसा सोपवायचा? आज आम्ही ही गोष्ट ऐकली म्हणून, नाहीतर दोन वर्षं तुमचा कॉम्प्युटर हिला सुखाने झोपवणार होता. डॉक्टरीण म्हणाली, हो. तो बघत नाही, तोलतो. जे घातलं तेवढंच तोलतो. आम्ही विचारायला हवं होतं की जन्म देणारी आई कोण, आणि इथून पुढे तसंच विचारू. मग ती म्हणाली, पण मॅडम, आता तो तपासा म्हणतोय, तर तपासूया का?

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. त्या दाट भागाच्या आड, हाताला लागणार नाही अशी एक छोटी गाठ होती. सुई घालून तुकडा काढला आणि रिपोर्टला बोलावू म्हणाले.

ते मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सुई बरोबर ठिकाणी गेली असेल का, नळ्यांवरची नावं बदलली नसतील ना, सगळ्यांवर माझा संशय. रात्री नाही, दिवसाढवळ्या भांडी घासताना मी हे विचार करत होते आणि सून माझ्या हातातून भांडी काढून घेत होती. मनातून मला एवढंच हवं होतं, की ते यंत्र चुकलेलं असावं. त्याला चुकीचं ठरवायला मी पहिल्या दिवसापासून टपले होते, आता तर देवाला नारळ बोलले. पावती मागितली नाही.

रिपोर्ट सांगायला डॉक्टरणीने आम्हाला आत बोलावलं. खुर्च्या पुढे ओढून बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजले. कॅन्सर आहे, ती म्हणाली. पण लहान आहे, काखेत पोचल्यासारखा दिसत नाही, ऑपरेशन लवकर करू. फार वेळेवर आलात. तुमच्या मुलीनेही स्वतःची तपासणी करून घ्यावी. माझी सून शेजारीच उभी होती, तिने माझा खांदा धरला. मी विहिणीकडे बघायचं टाळत होते.

विहिणीने पदर सारखा केला आणि विचारलं, "हेच माझ्या थोरलीला झालं व्हतं?"

डॉक्टरीण म्हणाली, आता तपासून सांगता येणार नाही, पण तुम्ही सांगितलंत त्यावरून जवळजवळ नक्की हेच.

"हे दात लागून होतं का?"

डॉक्टरणीला प्रश्न कळला नाही. कसला दात?

"पिणाऱ्या पोरीचा."

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मुळीच नाही. मूल चावल्याने कॅन्सर होत नाही. कधीच नाही."

विहिणीने ते पुन्हा म्हणायला लावलं. डॉक्टरणीने पुन्हा म्हटलं. आम्ही बाहेर आलो आणि बाकावर बसलो. मी आजींना दिलेला शब्द पाळला होता, आणि ह्या बाईला सगळं आधीच माहीत होतं. तिनेच सांगितलं, शाळेत होती तेव्हा विहिरीवर एका म्हातारीने ऐकवलं होतं. आईला खाल्लीस तू, तुझा दात लागला तिला. तेव्हापासून माहीत. घरी कधी बोलली नाही, कारण आईला वाटायचं आपल्याला ठाऊक नाही, आणि आईला तसं वाटत राहिलेलं बरं. स्वतःची चार मुलं झाली, प्रत्येकाच्या हिरड्या रोज बोटाने चाचपायची. दात टोचला की त्याच दिवशी कडुनिंब.

मला नातीच्या वेळची ती वाटी आठवली. मी काय काय समजले होते.

माझी सून आईच्या पायाशी बसून रडत होती. विहीण मात्र रडत नव्हती. कॅन्सर आहे असं ऐकून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंदाशिवाय दुसरा शब्द देऊ शकत नाही. तिला नीट समजलं नसेल असं मला आधी वाटलं, मी तसं विचारलंही. तिने मला गप्प बसवलं, मोबाईल काढला आणि माहेरी फोन लावला. भावाने उचलला. आईला दे म्हणाली.

"आई, तो दात नव्हता गं," ती म्हणाली. "थोरली माझ्या दातानं नाय गेली. डॉक्टरनं सांगितलंय."

विहिणीने फोन कानाला धरला होता, तरी आजींचा आवाज मला शेजारी बसून स्पष्ट ऐकू आला. तुला कोणी सांगितलं दाताचं, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.